साखळी आणि विश्वास

लहानग्या कुत्र्याची साखळी केव्हा सोडावी? प्रश्न साधा, पण स्वातंत्र्य आणि संरक्षण यांचा जुनाच पेच त्यात दडलेला आहे. 3 किलोचा जीव धावत सुटला, की 30 किलोच्या कुत्र्याला तो सोबत्याऐवजी सावज वाटू शकतो; त्याचा खेळकर पंजाही घातक ठरतो. मग साखळी सदैव आवळूनच धरावी काय? ताणलेल्या साखळीतून आपलेच भय त्याच्यापर्यंत पोहोचते. तेव्हा आधी हाकेसरशी परतण्याची सवय लावावी. मग कुंपणाच्या आवारात, धन्याच्या संमतीने, शांत स्वभावाच्या एकाच कुत्र्याशी ओळख करून द्यावी. जोखीम आपण पत्करतो, जखम मात्र त्याच्या वाट्याला येते. म्हणून साखळी सोडणाऱ्याने हाकेच्या अंतराबाहेर कधीही जाऊ नये.