मीठ आणि मोल : भाडोत्री सैनिकाच्या ‘वास्तवा’विषयी

१

मध्ययुगीन युद्धावर रचलेल्या संगणकीय खेळांविषयी बोलताना ‘ऐतिहासिक वास्तव’ हा शब्दप्रयोग इतक्या सहजपणे केला जातो, की त्यातून नेमके काय अभिप्रेत आहे याची चौकशी क्वचितच होते. तलवारीचे वजन, चिलखताच्या कड्यांची वीण, तटबंदीची रचना यांत अचूकता साधली, की खेळ वास्तव ठरतो. या खेळांत एक पात्र वारंवार भेटते : मोल घेऊन लढणारा सैनिक. त्याचे शस्त्र आणि त्याचा वेश यांविषयी बारकाईने वाद होतात; तो मोल का घेतो आणि ते मिळाले नाही तर त्याचे काय होते, हे प्रश्न मात्र वास्तवाच्या कक्षेबाहेर राहतात. हा बाहेर राहिलेला भाग केवळ इतिहासाचा नाही. दुसऱ्याच्या पोटाचा व्यवहार कोणत्या शब्दांत मांडावा, हा मुळात नैतिक प्रश्न आहे, आणि ऐतिहासिक कादंबरीच्या समीक्षेलाही तो टाळता येण्यासारखा नाही.

रोलाँ बार्त यांनी १९६८ साली कथनातील निरुपयोगी तपशिलांचा विचार करताना असे दाखवून दिले, की असे तपशील काहीही घडवत नाहीत. ‘हे वास्तव आहे’ एवढेच ते सुचवतात. संगणकीय खेळांतील चिलखत बहुतांशी याच कार्यासाठी असते. लुकाच यांची कसोटी याहून जुनी आणि अधिक कठोर आहे. ऐतिहासिक कादंबरीवरील आपल्या १९३०च्या दशकातील ग्रंथात त्यांनी वेशभूषेच्या अचूकतेला दुय्यम लेखले. पात्राचे वर्तन त्याच्या काळाच्या विशिष्टतेतून उद्भवते की नाही, हे त्यांच्या दृष्टीने निर्णायक. भाडोत्री सैनिकाला ही कसोटी लावली, तर त्याच्या काळाची विशिष्टता त्याच्या ढालीत सापडणार नाही. ती त्याच्या पगाराच्या हिशेबात शोधावी लागेल.

येथे शब्दांचा इतिहासही काही सुचवतो. इंग्रजीतील ‘सोल्जर’ या शब्दाच्या मुळाशी एका रोमन नाण्याचे नाव आहे. आज मराठी पत्रकारही स्वतःविषयी वापरतात तो ‘फ्रीलान्स’ हा शब्द वॉल्टर स्कॉट यांच्या ‘आयव्हॅन्हो’ (१८१९) या कादंबरीने मोल घेऊन लढणाऱ्या मध्ययुगीन भालाइतांसाठी रूढ केला. आपला ‘पगार’ पोर्तुगिजांकडून आला. म्हणजे ज्याला आपण वेगळा, हीन प्रकार म्हणून बाजूला काढतो, तो मोलाचा सैनिक ‘सैनिक’ या कल्पनेच्या मध्यभागीच उभा आहे.

२

खेळांमध्ये मोल अजिबात नसते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘माउंट अँड ब्लेड’ (२००८) या तुर्की निर्मात्यांच्या खेळात आठवड्याचा पगार चुकता करावा लागतो. तो थकला की पथकाचे मनोधैर्य खचते. ‘बॅटल ब्रदर्स’ (२०१७) हा खेळ तर संपूर्णपणे भाडोत्री टोळीचाच आहे : रोजचा भत्ता आणि रोजचे अन्न यांची तजवीज झाली नाही, तर माणसे सोडून जातात. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या तिसऱ्या भागात भाडोत्री सैनिक केवळ नाण्यांवर मिळतात, धान्य वा लाकूड त्यांच्यासाठी खर्ची पडत नाही. मोलाची जाणीव या रचनांना आहेच. प्रश्न आहे तो हिशेबाची वही कोणाच्या हाती आहे, हा.

ती सर्वत्र खेळणाऱ्याच्या, म्हणजे मालकाच्या हाती आहे. पगार हा तेथे ‘खर्च’ म्हणून दिसतो. ‘मिळकत’ म्हणून तो कधीच दिसत नाही. सैनिकाला घर नाही, सावकार नाही, सुगीला परत जाण्याची निकड नाही, मागे राहिलेली बायकामुले नाहीत. त्याच्या मरणाची नोंद भांडवलाच्या घटीसारखी होते. ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ (२०१८) या चेक खेळाने १४०३ सालचा बोहेमिया उभा करताना जादू आणि राक्षस यांना कटाक्षाने दूर ठेवले आणि वास्तवाचा मोठा आग्रह धरला. त्याचा नायक लोहाराचा मुलगा आहे, ही लक्षणीय गोष्ट होय. परंतु त्याचे गाव जाळणाऱ्या सैन्यातील परके कुमान हे आरंभी तरी संकटाच्या रूपानेच समोर येतात. नायकाला पोट आहे. त्यांना फक्त शस्त्र आहे. वास्तवाचे हे वाटप समान नाही.

हा दोष यंत्राचा नाही, दृष्टीचा आहे, आणि ही दृष्टी जुनी आहे. फ्लॉरेन्सने १४३६ मध्ये आपल्या मुख्य चर्चच्या भिंतीवर जॉन हॉकवुड या इंग्रज भाडोत्री सेनानीचे घोड्यावरील चित्र उच्चेल्लोकडून रंगवून घेतले; आणि त्याच नगरीच्या मॅकियाव्हेलीने पुढे सुमारे पाऊण शतकाने असा निर्वाळा दिला, की भाडोत्री सैनिकाला रणात टिकवून धरणारे थोड्याशा मोलाखेरीज काहीच नसते आणि तेवढ्यासाठी कोणी मरत नाही. गौरव आणि तिरस्कार या दोन टोकांमध्ये मोल घेणारा माणूस मात्र कोठेच नाही.

३

मराठीत या प्रश्नाला एक वेगळे वळण मिळते. कारण आपल्या जुन्या नैतिक शब्दसंग्रहात मोल आणि निष्ठा एकमेकांच्या विरोधी नाहीत. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. येथे निष्ठेचा उगम रक्तात वा भूमीत नाही, तो अन्नात आहे. ज्याने पोसले त्याच्याशी इमान राखावयाचे. यातून निघणारा व्यत्यासही तितकाच महत्त्वाचा आहे : इमान मागणाऱ्याने मीठ घातलेले असले पाहिजे. ‘भाडोत्री’ या शब्दातील तुच्छता या व्यवस्थेत बसत नाही. मोलाशिवाय लढणे हीच उच्च निष्ठा, ही कल्पना राष्ट्रवादाच्या काळात बळावली, आणि आपल्या ऐतिहासिक कथनाने ती मागे नेऊन अठराव्या शतकावर लादली.

या दृष्टीने इब्राहीमखान गारद्याचे उदाहरण कसोटीचे ठरते. पूर्वी निजामाच्या चाकरीत असलेला, फ्रेंच पद्धतीच्या कवायतीत तयार झालेला हा सेनानी पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या बाजूने लढला. शत्रुपक्षाच्या छावणीत असलेल्या काशीराज पंडिताने आपल्या फारसी वृत्तांतात १४ जानेवारी १७६१ च्या सकाळचा एक प्रसंग दिला आहे. इब्राहीमखान भाऊंना सांगतो, की माझ्या माणसांच्या नियमित पगारासाठी मी हट्ट धरत आलो म्हणून आपली माझ्यावर नाराजी होती. या महिन्यात तर काहीच मिळालेले नाही. तरीही आजवर घेतलेले मोल वाया गेले नव्हते, हे आज दिसेल. त्या दिवशी त्याच्या पलटणींची भीषण हानी झाली. तो स्वतः जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. या वृत्तांताचे मोल प्रसंगाच्या शब्दशः सत्यतेवर अवलंबून नाही. त्यात पगाराची मागणी आणि प्राणार्पण एकाच वाक्यात, कोणताही संकोच न बाळगता, शेजारी शेजारी येतात, हे महत्त्वाचे आहे. मॅकियाव्हेलीच्या सिद्धांताला येथे जागा नाही. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ने (१९८८) या व्यक्तिरेखेला मराठी वाचकाच्या मनात मोठे स्थान मिळवून दिले. परंतु सर्वसाधारण मराठी स्मृतीत इब्राहीमखान ‘एकनिष्ठ’ म्हणून उरतो, तो पगाराचा हट्ट वगळून. जणू तो हट्ट राहिला असता, तर निष्ठा उणावली असती.

याच्या उलट टोकाला ३० ऑगस्ट १७७३ चा शनिवारवाडा आहे. थकलेल्या पगाराचा गलका करीत गारदी आत शिरले आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला. या घटनेने ‘गारदी’ हा शब्द मराठीत कायमचा काळवंडला. लोकपरंपरेत मात्र उरली ती ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा. ती अक्षराची कथा आहे, कारस्थानाची कथा आहे, थकबाकीची नाही. तो गलका कितपत खरा आणि कितपत बहाणा होता, हा वाद इतिहासकारांचा. समीक्षेच्या दृष्टीने अर्थपूर्ण गोष्ट ही, की बहाणा म्हणूनही तो सहज खपला. पगारासाठी मालकाच्या दारात गोंधळ घालणारे सैनिक हे त्या काळाचे इतके परिचित दृश्य होते. आपण अक्षर लक्षात ठेवले आणि हिशेब विसरलो.

४

हा विसर कोठे पडतो आणि कोणासाठी, हे पाहण्यास दापोली तालुक्याची किनारपट्टी उपयुक्त आहे. बुरोंडी या मच्छीमारांच्या गावाजवळ पृथ्वीच्या गोलार्धावर उभा असलेला परशुरामाचा भव्य पुतळा आहे. परशुराम हा मोलरहित शस्त्राचा परमोच्च आदर्श होय. त्याने जिंकलेली पृथ्वी कश्यपाला दान दिली आणि स्वतःसाठी समुद्राकडून भूमी मागून घेतली, असे कोकणाची उत्पत्तिकथा सांगते. त्याला कोणी पगार देत नाही; म्हणून त्याचा हिशेबही कोणी मागत नाही. शस्त्र चालवणाऱ्याला पोट असते, ही गोष्ट या प्रतिमेत शिरूच शकत नाही.

बुरोंडीहून काही मैलांवर आत दापोली आहे. कंपनी सरकारच्या लष्करी तळामुळे ती ‘कॅम्प’ या नावानेही ओळखली जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकात सैन्यातून निवृत्त झालेली अनेक महार कुटुंबे येथे राहिली. गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतलेच, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ येथे होते. महारांची सैन्यभरती बंद झाल्यावर वलंगकरांनी १८९४ साली लष्कराच्या वरिष्ठांकडे विनंतीअर्ज करून ती पुन्हा सुरू करण्याची मागणी केली. या अर्जाकडे ‘भाडोत्री’ या शब्दाच्या चष्म्यातून पाहिले, तर परक्या सत्तेची चाकरी मागणारा कागद एवढेच दिसेल. परंतु ज्यांना गावगाड्याने शिवाशिवीपलीकडे काही दिले नव्हते, त्यांच्यासाठी या मोलात गणवेश होता, लष्करातील शाळा होती, निवृत्तिवेतन होते; आणि यांतून आलेली ती भाषा होती, जिने वलंगकरांनी अस्पृश्यतेच्या शास्त्राधारालाच आव्हान दिले.

१ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा अर्थही येथूनच लावावा लागतो. कंपनीच्या पलटणीत महार सैनिक होते, तसे पेशव्यांच्या बाजूने पगारी अरब होते. मोल दोन्हीकडे होते. ‘स्वकीय’ आणि ‘भाडोत्री’ ही विभागणी मोलावरून ठरत नाही. कथन कोणाच्या बाजूने उभे आहे, यावरून ठरते. ज्याला मीठच मिळाले नाही, त्याच्याकडून मिठाला जागण्याची अपेक्षा करणे हा अन्याय आहे, आणि तो अन्याय इतिहासकथनाच्या शैलीतून होतो म्हणून सौम्य ठरत नाही.

५

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. मोलाच्या सैनिकाला पोट दिले, की त्याच्या हातून झालेल्या संहारालाही आपण समजुतीचे पांघरूण घालतो, असे नाही काय? लुटल्या गेलेल्या गावाला लुटणाऱ्याच्या थकबाकीशी काय कर्तव्य?

आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर या जिल्ह्यातील एका जुन्या कागदात मिळते. शिवाजी महाराजांनी १६७०च्या दशकात चिपळूण भागातील छावणीच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा बेताने वापरावा. लागेल ते बाजारातून विकत आणावे. रयतेच्या भाजीसही हात लावू नये. तसे केल्यास लोकांना मोगल बरे वाटतील. रात्री दिवा जळता ठेवल्यास उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, असा त्याचा आशय. या पत्रात एकही तलवार उपसली जात नाही, तरीही सतराव्या शतकातील सैन्याचे इतके वास्तव चित्र क्वचितच सापडेल. सैनिकाचा पगार हा येथे सैनिक आणि कुणबी यांच्यामधील एकमेव कुंपण आहे. ते मोडले, की सैन्य रयतेवर पोसले जाते. उत्तरकाळातील पेंढारी हे या मोडलेल्या कुंपणाचेच नाव : लूट हाच ज्यांचा पगार होता, अशी माणसे. म्हणजे मोल दिसले की दोष झाकला जातो, ही भीती अनाठायी आहे. मोल दिसले, की दोषाची वाटणी नीट होते : लुटणाऱ्याचा वाटा त्याच्याकडे राहतो, आणि पगार बुडवणाऱ्याचाही त्याच्या नावे चढतो. मालकाची वही एकटीच उघडी असते, तेव्हा हा दुसरा वाटा कोणाच्याच खाती पडत नाही.

ऐतिहासिक वास्तवाची कसोटी म्हणूनच तीन वह्या मागते : देणाऱ्याची, घेणाऱ्याची, आणि ज्याच्या शेतातून हे सारे जाते त्या कुणब्याची. बखरींनी बहुधा पहिली लिहिली, कादंबरीने तिच्यावर भावनेचा रंग चढवला आणि खेळाने ती आकड्यांत बदलून खेळणाऱ्याच्या हाती दिली. माध्यमे बदलली तरी वही तीच राहिली. खेळाचा दोष त्यातल्या त्यात क्षम्य म्हणावा लागेल. कारण आकडा तरी त्याने लपवला नाही. आठवडा संपल्यावर पडद्यावर उमटणारी पगाराची ती ओळ आपल्या पुष्कळशा ऐतिहासिक कादंबऱ्यांत सापडत नाही, आणि या साहित्यप्रकाराच्या अभ्यासकांनी आधी तिची अनुपस्थिती नोंदवली पाहिजे.