सुट्टी कोणाच्या मालकीची?

बारावीचा शेवटचा पेपर झाला, प्रवेशपरीक्षाही आटोपली, की कॉलेज सुरू होईपर्यंत महिना-दीड महिना हाती उरतो. आमच्या मंडळ्यांतून पेटी, तबला, गिटार किंवा कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलामुलींच्या या दिवसांवर हक्क सांगणारे पुष्कळ असतात. आईवडील म्हणतात, आता वाद्य बाजूला ठेव आणि पुढच्या अभ्यासाला लाग. मंडळी म्हणते, आता मोकळा आहेस, तर लग्ने, प्रार्थनासभा, मुलांची शिबिरे, सगळीकडे ये. मुलगा म्हणतो, सुट्टी माझी, तिचे काय करायचे ते मी ठरवीन. यांत खरा हक्क कोणाचा?

आपण चटकन उत्तर देतो की देणगी देवाची, म्हणून वेळही देवाचा. उत्तर बरोबर आहे; पण त्याचा उपयोग आपण कसा करतो, हे पाहिले पाहिजे. "देवाने दिले आहे ना, मग वाजव," असे म्हणून आपण पोराला एका आठवड्यात पाच ठिकाणी बसवतो. मत्तयाच्या २५ व्या अध्यायातील रुपयांच्या दृष्टांतात चांगल्या दासांनी धन्याचा पैसा नुसता खर्च केला नाही; त्यांनी तो व्यापारात घालून वाढवला. जो वादक वर्षानुवर्षे त्याच चार पट्ट्यांत तीच गाणी वाजवतो, तो पैसा जमिनीत पुरत नाही हे खरे, पण तो भांडवल खात असतो. म्हणून या सुट्टीतले पहिले कर्तव्य वाजवणे नसून शिकणे हे आहे, असे आम्हांस वाटते.

या बाबतीत योहान सेबास्टियन बाख याची हकीकत विचार करण्याजोगी आहे. १७०५ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, तो जर्मनीतील आर्नश्टाट गावच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक होता. बुक्स्टहुड या थोर वादकाचे वादन ऐकण्यासाठी त्याने चार आठवड्यांची रजा घेतली आणि सुमारे ४०० किलोमीटर चालून तो ल्युबेक शहरी गेला. तेथे तो इतका रमला की परत येईपर्यंत चार महिने होत आले. चर्चच्या अधिकाऱ्यांनी त्याला जाब विचारला. दुसरी तक्रार अशी, की हा आता गीतांना साथ करताना नवनवे विचित्र सूर घालतो आणि मंडळी गोंधळून जाते!

आता दोष कोणाचा? शिकण्याची त्याची तळमळ खरी होती, आणि तिचे फळ आज सारे जग चाखते आहे. पण चार आठवड्यांचा शब्द देऊन चार महिने राहणे हा शब्दभंगच होय. त्याची थोरवी पाहून आपण त्याला माफ करतो. परंतु शब्द मोडते वेळी तो थोर नव्हता, केवळ वीस वर्षांचा होता. तेव्हा कलेसाठी सर्व काही क्षम्य आहे, असा धडा यातून काढू नये. तरी एक गोष्ट त्याने नीट केली होती. जाताना आपल्या जागी चुलतभावाला बसवले होते. आणि दुसऱ्या तक्रारीतही तथ्य होते. उपासनेत वादकाने मंडळीला गाऊ द्यायचे असते. आपली तयारी दाखवण्याची ती जागा नव्हे.

तरुणांनो, या हकीकतीतून सुट्टीची तीन कामे निघतात. पहिले, कोणातरी जाणत्यापाशी जाऊन बसा. पहिल्या इतिहासाच्या २५ व्या अध्यायात मंदिराच्या २८८ गायकवादकांच्या पाळ्या ठरवताना गुरू व शिष्य यांच्या चिठ्ठ्या सारख्याच टाकल्या. शिकणाऱ्यालाही तेथे जागा होती. आपल्याला ४०० किलोमीटर चालावे लागत नाही. ग्वाल्हेरला १९१८ पासून माधव संगीत महाविद्यालय आहे. बडोद्याला मौलाबक्षांच्या हाताखाली १८८६ मध्ये सुरू झालेल्या गायनशाळेची परंपरा आजही विद्यापीठात चालू आहे. रोज तासभर, पण नेमाने, एवढी साधना पुरे. एका दिवशी सहा तास वाजवून बोटे दुखवण्यात अर्थ नाही.

दुसरे, वडीलधाऱ्यांकडून चाली घ्या. टिळकांची व कृष्णराव सांगळ्यांची गीते पुस्तकात छापलेली आहेत; पण साकी, दिंडी, अभंग यांच्या कित्येक जुन्या चाली केवळ आजीआजोबांच्या कंठात आहेत. इंदूर, हैदराबाद, बडोदे येथल्या आमच्या मुलांची शाळा इंग्रजी, हिंदी वा गुजरातीत होते. त्यांच्याजवळ मराठी उरते ती पुष्कळदा या गीतांतूनच. पंडित भातखंडे पेशाने वकील होते, तरी उस्तादांच्या मुखातल्या शेकडो बंदिशी त्यांनी स्वरलिपीत उतरवल्या. तुमच्या खिशात तर मोबाइल आहे. रविवारी दुपारी एका आजींकडे जा, दोन चाली ध्वनिमुद्रित करा, स्वर लिहून ठेवा.

तिसरे, आपल्या जागी कोणाला तरी बसवून जा. जूनमध्ये तुम्ही परगावी गेलात आणि पेटीवर कापडच पडून राहिले, तर तुमची पाच वर्षांची सेवा तुमच्याबरोबरच निघून गेली असे होईल. शब्बाथ शाळेतील एक मूल निवडा, त्याला चार सोपी गीते वाजवता येतील इतके शिकवा. ते चुकेल, मंडळीने ऐकून घ्यावे.

राहिला विसावा. परीक्षेने थकलेल्या जिवाला झोप, खेळ, भटकंती हवी. ती घेताना अपराधी वाटून घेऊ नये.

आणि आम्हां वडील माणसांस एवढेच सांगणे. मुलाला पाचव्या लग्नाला बोलावण्यापूर्वी विचारावे, "यंदा तू शिकतोस कोणाकडे?" त्याच्या क्लासची फी मंडळीने भरली, तर त्याच्या वेळावर हक्क सांगण्याचा थोडा तरी अधिकार आपल्याला येईल.