झेरॉक्स आणि इंद्रायणी

पुस्तक लांबवणे ही चोरी नव्हे, असे मानणारा एक मोठा, सुशिक्षित आणि एरवी अत्यंत सज्जन असा वर्ग आपल्या समाजात आहे. दुसऱ्याची छत्री चुकून घरी आली तर हा वर्ग रात्रभर तळमळतो. पण दुसऱ्याची कादंबरी पंधरा वर्षे कपाटात पडून असली तरी त्याला शांत झोप लागते. कोणी विचारलेच तर ‘वाचायला आणलीय’ म्हणायची सोय असते. आमच्या बँकेत ही सोय नाही. संध्याकाळी कॅश जुळवताना पाचशेची एक नोट कमी भरली, तर ‘कोणीतरी वाचायला नेली असेल’ म्हणून भागत नाही. ती खिशातून भरावी लागते. त्यामुळे ‘दुसऱ्याचे’ या शब्दाबद्दल मी जरा हळवा आहे.

हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षे निवांत पडून होता. माझ्या पुतणीने एफ. वाय. बी. एस्सी.ला गणित घेतले आणि तो उठून बसला.

आमचे साजगाव तसे गणितासाठी प्रसिद्ध नाही. ते प्रसिद्ध आहे कार्तिकी एकादशीच्या यात्रेसाठी. आणि एकादशीच्या यात्रेत सुक्या मासळीचा बाजार भरवण्याचा मान बहुधा आमचाच. म्हणून तर इथल्या देवाला लोक प्रेमाने ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. एकादशी आणि बोंबील एकाच मांडवाखाली नांदवणाऱ्या गावातल्या मुलीला गणितातल्या विसंगतीची भीती वाटायचे कारण नव्हते. भीती होती ती पुस्तकांची.

अभ्यासक्रमाच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी असते. लग्नपत्रिकेत खाली ‘आपले नम्र’ म्हणून चाळीस नावे असतात, तशी. त्यांतले कोणी प्रत्यक्ष भेटेल अशी अपेक्षा नसते. गोल्डबर्ग होते, बार्टल आणि शेरबर्ट होते, अपोस्टॉल होते. आणि मग एकदम घोरपडे आणि लिमये! दोघेही आयआयटी मुंबईचे प्राध्यापक. त्यांचा कॅल्क्युलसवरचा ग्रंथ स्प्रिंगरने २००६ साली काढला. वहिनी लगेच म्हणाल्या, “अगंबाई, हे तर आपल्यातलेच. एक प्रत मागून बघा ना!”

गावच्या वाचनालयात गेलो. १९६७च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळायला लागले, पण अनुदानाने वाचनालय चालते. वाचक जे मागतो तेच तिथे येते आणि आमचा वाचक कादंबरी मागतो. ‘गणित’ म्हटल्यावर ग्रंथपालांनी पाढ्यांचे पुस्तक पुढे केले. कॉलेजात यादीतले एक पुस्तक निघाले. एकच प्रत, कुलूपबंद कपाटात, वर चिठ्ठी: ‘आतच वाचावे’. कपाट उघडे असण्याची वेळ आणि पोरीच्या प्रॅक्टिकलची वेळ एकच. शेवटी एका शनिवारी ते हाती आले, तर पान ३८नंतर एकदम ६१. मधले सगळे कोणीतरी ब्लेडने सफाईदारपणे कापून नेलेले. गेलेले प्रकरण ‘लिमिट’चे होते. मर्यादेचाच धडा माणसाने मर्यादा सोडून न्यावा!

गाइडे मात्र हवी तितकी मिळत होती. गाइडात उत्तर असते. पुतणीला हवे होते ते ‘का’. “काका, एपसिलॉन म्हणजे शून्याहून मोठा, पण तुम्ही म्हणाल तितका लहान आकडा,” तिने मला समजावले. मला ते तत्काळ कळले. बचत खात्यावरचे व्याज गेली वीस वर्षे मीच लोकांना समजावतो आहे. “पण तो शून्य का नसतो, ते गाइडात नाही.” आणि मग हळूच, “काका, मी सरळ कॉमर्सला जाऊ का?”

मी बी. कॉम. आहे. पण ‘सरळ’ या शब्दाने मला झोप लागली नाही. पुस्तक मिळत नाही म्हणून एक मुलगी विषय सोडते, यात कोणाच्या तरी खात्यावर काहीतरी नावे पडायला हवे. कोणाच्या?

दुसऱ्याच आठवड्यात तिच्या मैत्रिणीने तोडगा आणला. अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंगसकट, मूळ किमतीच्या पावपट. नाहीतर फोनवर पीडीएफ, तीही फुकट. पुतणीने ती घेण्याआधी मला विचारले, “काका, हे चालतं का?” आमचे बंधू पेपरामागून म्हणाले, “सगळेच करतात.” बँकेत हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. ते चौकशी अधिकाऱ्यापुढे बोलले जाते आणि त्यानंतर माणूस बराच काळ दिसत नाही.

आता साजगावात नैतिक प्रश्न पडला की तुकोबांकडे जावे लागते. मिरच्या विकायला तुकोबा घाट उतरून आमच्याकडे येत असत, असे गावात सांगतात. वसुलीत ते कच्चे होते, यावर सर्वांचे एकमत आहे. त्यांनी कर्जदारांची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट तर प्रत्येकाला ठाऊक. पण ती गोष्ट सांगताना लोक त्यातला हिशेबाचा भाग गाळतात. तुकोबांनी आधी खतांची वाटणी केली. निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली. बुडवली ती आपल्या वाट्याची. कान्होबाच्या कागदाला त्यांनी हात लावला नाही. मला तर सगळ्या गाथेइतकीच ही वाटणी मोलाची वाटते. उदार व्हावे, पण आपल्या खात्यातून. मग अख्खे पुस्तक झेरॉक्सवर टाकताना आपण इंद्रायणीत बुडवतो ते खत कोणाचे? घोरपडे-लिमयांचे! त्यांना न विचारता!

पुतणी गणिताची. ती म्हणाली, “पण काका, ऋण आधी कोणाचं कोणावर आहे, ते ठरवा ना.”

हा मुद्दा कोर्टातही गेलेला आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी या झेरॉक्सच्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. एवढ्याशा दुकानासाठी एवढे मोठे वकील! २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की, १९५७च्या कॉपीराइट कायद्यातच शिकण्या-शिकवण्यासाठी सवलत ठेवलेली आहे. आणि २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला. मात्र तो वाद होता निरनिराळ्या पुस्तकांतली नेमलेली प्रकरणे एकत्र बांधण्याचा. अख्खे पुस्तक उचलण्याचा नव्हे. थोडक्यात, कायद्याने दार किलकिले ठेवले आहे. आपण त्यातून कपाट बाहेर काढायला बघतो.

माझ्यापुरती मी प्रतवारी लावली. ब्लेडवाला सगळ्यांत वाईट, कारण तो पुढे येणाऱ्या प्रत्येकाचे नेतो. दुसरा कुलूपवाला, तो समोर उभ्या असलेल्याला देत नाही. झेरॉक्सवाला तिसरा. तो पुस्तक होते तिथे ठेवतो, फक्त लेखकाचे देणे ठेवत नाही. आणि स्वतःच्या वाट्याची खते बुडवणारेही असतात. अमेरिकेतल्या जिम हेफरॉन नावाच्या प्राध्यापकांनी लिनिअर अल्जिब्राचे आख्खे पाठ्यपुस्तक फुकट वाटायला ठेवले आहे. रामानुजनच्या हार्डीसाहेबांचे १९०८ सालचे पुस्तक तर त्यांना जाऊन साठ वर्षे उलटल्यामुळे आपल्याकडे २००८पासून सर्वांचे झाले. ही दोन्ही पुतणीने उतरवून घेतली. या कामी मी निर्धास्तपणे ‘चालतं’ म्हणालो.

पण लेखकाचे देणे द्यायचे कोणी? अठरा वर्षांच्या पोरीने? हिशेब इथे अडत होता. तो सुटला चाळीसगावजवळच्या पाटणला. इ. स. १२०७च्या सुमारास भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला. त्याचा शिलालेख भाऊ दाजींनी उजेडात आणला. आरंभी संस्कृतात थोरामोठ्यांची स्तुती आहे, ती सोडून द्या. शेवटी जुन्या मराठीत जमेची बाजू आहे, ती बँकवाल्याने वाचावी. तेलाच्या घाण्यामागे मठाला पळी-पळी तेल, गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी, असा सगळा बाजार त्या गणिताला बांधून दिला आहे. त्या तेल्याने लीलावतीतले एक उदाहरण सोडवले नसेल. पळी मात्र त्याचीच.

म्हणून कार्तिकीच्या यात्रेत मी आणि बंधू एक वही घेऊन फिरलो. गावच्या वाचनालयासाठी एक प्रत, ज्याला हवी त्याने घरी न्यावी, या अटीवर. शिकलेल्यांनी ‘हे सरकारचं काम आहे’ असे पटवून दिले. खाडीकडून सुकी मासळी घेऊन येणाऱ्या एका मावशींनी पुस्तकाचे नावही विचारले नाही. कनवटीची नोट काढून म्हणाल्या, “पोरीच्या बुकाला ना? घे. वास लागंल हां नोटेला.” उरलेले आम्ही दोघांनी घातले.

प्रत आली. तीच, कॉलेजात अर्धवट असलेली. पुतणीने त्यातली ३९ ते ६० एवढीच पाने झेरॉक्स केली, कडा नीट कापल्या आणि कॉलेजच्या ग्रंथपालांकडे नेली. म्हणाली, “सर, ही तुमच्या पुस्तकात चिकटवा, पुढच्यांना लागतील.”

ग्रंथपालांनी पाने पाहिली, कपाटातले पुस्तक काढले, कापलेल्या जागी लावून पाहिली. बरोबर बसली. त्यांनी चष्मा वर केला.

“म्हणजे ती तूच कापली होतीस तर!”