मुक्या जिवाचा जामीन



दत्तजयंती जवळ आली की देवघरातली तसबीर उतरवून पुसायचं काम माझ्याकडे असतं. महाराजांच्या पायाशी चार श्वान. ते चार वेदांचं रूप, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. यंदा पुसताना हात थांबला. आमच्या तसबिरीतल्या एकाही श्वानाच्या गळ्यात साखळी नाही, तरी त्यांची कुणाला भीती वाटत नाही. आणि माझ्या दारातल्या मोतीला गेल्या वर्षी सगळी गल्ली भीत होती.

निवृत्तीनंतर सोबत म्हणून मोतीला आणलं, तेव्हा तो पिल्लू होता. दूध-भाकरी वेळेवर देत होतो. पण दिवसभर तो फाटकाशी आखूड साखळीला. फिरवणं नाही, चार माणसांची ओळख नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यावर तो धावून जाई आणि मी कौतुकाने सांगे, "राखण करतो!" फाटकावर "कुत्र्यापासून सावध रहा" अशी पाटी लावली आणि आपलं कर्तव्य संपलं असं समजलो.

एके सकाळी साखळीची कडी सुटली. पेपर टाकणाऱ्या मुलाच्या पोटरीचा त्याने लचका तोडला. माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "अरे, तू पळालास कशाला?"

सौ. म्हणाली, "अहो, आधी साबण आणा!" तिने नळाच्या धारेखाली पंधरा मिनिटं जखम धुतली, मग आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं त्याची आई धावत आली. तिने एकच विचारलं, "काका, कुत्र्याला लस दिलेली का?"

लसीची तारीख उलटून गेली होती. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करत राहिलो होतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचत नाहीच. मुलाची इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. ते दहा दिवस मी दत्तासमोर दिवा लावून बसायचो, पण नजर मोतीच्या पाण्याच्या भांड्यावर. तो धडधाकट राहिला. ही महाराजांची कृपा. माझी पुण्याई यात कुठेच नाही.

बँकेत कर्जदाराने हप्ते थकवले की आम्ही जामीनदाराला पत्र धाडायचो. तो यायचा नि म्हणायचा, "मी कुठं पैसे उचलले?" आम्ही निमूटपणे त्याची सही दाखवायचो. मोतीने कुठंच सही केलेली नाही. त्याला घरी आणला तेव्हा सही मी केली. आपण हिशोब कसा ठेवतो बघा. राखण केली की "माझा मोती", चावला की "मुकं जनावर, त्याला काय कळतं!" जमा माझ्या खात्यात, नावे त्याच्या. अशी खतावणी कुठल्याही तपासणीत टिकणार नाही.

कायदाही हेच सांगतो. जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मला कायद्यापेक्षा विवेकाचं भय जास्त वाटतं. कुत्र्याला पाप लागत नाही, कारण त्याला विवेक नाही. तो आपल्याला दिलाय. म्हणून त्याच्या चाव्याचं पाप आपल्याकडे येतं. आणि बांधून ठेवून, एकटं पाडून त्याला चिडका कोणी केला? तोही मीच. मग मी दूध-भाकरी घालत होतो ती भूतदया कसली?

आता लस तारखेला होते. सकाळ-संध्याकाळ मी त्याला फिरवतो, पट्टा हातात, रस्त्यावर तोंडाला जाळी. "तो काही करत नाही हो," असं मी कुणाला सांगत नाही. समोरच्याला भीती वाटते, एवढं कारण पुरे. मोती पुष्कळ निवळलाय.

तो मुलगा अजून पेपर टाकतो. आमच्या फाटकाशी आला की सायकल पलीकडच्या कडेला घेतो आणि लांबूनच पेपर फेकतो. कधी पेपर चिखलात पडतो. मी काही बोलत नाही. उचलतो, पुसतो आणि वाचतो.