सिद्धी आणि बंद दार

2010च्या फुटबॉल विश्वचषकात सिंगापूरमधला एक पोपट जगभर गाजला. त्याचं नाव मणी. लिटल इंडियातल्या सेरांगून रोडवर बसणारे वृद्ध ज्योतिषी मुनियप्पन हे त्याचे मालक. पिंजऱ्याचं दार उघडायचं आणि मांडलेल्या पत्त्यांतून पोपटानं चोचीनं एक उचलायचा, हा आपल्या जत्रांतही पाहिलेलाच प्रकार. मणीनं उपांत्यपूर्व फेरीच्या चारही सामन्यांचे विजेते बरोबर सांगितले आणि मुनियप्पन यांच्याभोवती पत्रकारांची गर्दी झाली. अंतिम सामन्यासाठी मणीनं नेदरलँड्सचा पत्ता उचलला. जर्मनीतल्या पॉल नावाच्या ऑक्टोपसनं स्पेनला कौल दिला होता. 11 जुलैला स्पेन 1-0 असा जिंकला. मणी चुकला आणि तो चुकल्याचं साऱ्या जगाला त्याच रात्री कळलं.

भविष्य आधी सांगितलेलं होतं, रस्त्यावर, चारचौघांत. ते खोटं ठरल्यावर ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ अशी पळवाट उरली नव्हती. पोपटाला खरंच काही कळतं असं मी मानत नाही. पण मुनियप्पन यांच्या उघडेपणाबद्दल मला आदर आहे, आणि तो का वाटतो हे सांगण्यासाठी त्याच शहरातली आणखी एक हकिकत सांगावी लागेल.

तोआ पायो ही सिंगापूरमधली सरकारी घरांची जुनी वसाहत. तिथल्या एका इमारतीत सातव्या मजल्यावर एड्रियन लिम राहायचा. पूर्वी तो रेडिफ्यूजन या कंपनीत नोकरीला होता, नंतर देव आपल्या अंगात येतात असं सांगून लोकांची दुखणी बरी करू लागला. त्याची मुख्य करामत अंड्याची होती. सुया काजळीनं काळ्या करून तो आधीच कच्च्या अंड्यात खुपसून ठेवायचा आणि भोक पावडरीनं बुजवायचा. समोरच्या बाईच्या अंगावरून मंत्र म्हणत ते अंडं फिरवायचं, मग तिच्याच हातून फोडून घ्यायचं. आतून काळ्या सुया निघायच्या. बाधा सिद्ध! आपल्याकडे लिंबातून आणि उताऱ्यातून ‘करणी’ काढून दाखवणारे याहून वेगळं काही करत नाहीत.

त्याच्याकडे येणाऱ्यांत बारमध्ये काम करणाऱ्या, एकट्या पडलेल्या मुली बऱ्याच होत्या. कॅथरिन तान मुई चू हिची आजी वारली होती आणि आईवडिलांशी तिचं पटत नव्हतं. बारमधल्या एका सहकारी मुलीनं तिला लिमकडे नेलं. पुढे ती त्याची बायको झाली, आणि गुन्ह्यातली साथीदारही. हो काह हाँग ही दुसरी साथीदार. तिच्या नवऱ्याला लिमनं जानेवारी 1980मध्ये विजेचा धक्का देऊन मारलं. त्याच वर्षाच्या शेवटी बलात्काराच्या तक्रारीवरून पोलीस लिमच्या मागे लागले, तेव्हा कालीला लहान मुलांचा बळी दिला की हे संकट टळेल असं त्यानं या दोघींना पटवलं. 1981च्या जानेवारी-फेब्रुवारीत नऊ वर्षांची एक मुलगी आणि दहा वर्षांचा एक मुलगा त्या घरात मारले गेले. रक्ताचा माग काढत पोलीस त्या दारापर्यंत पोचले. 25 मे 1983 रोजी तिघांना फाशीची शिक्षा झाली आणि 25 नोव्हेंबर 1988 रोजी ती अमलात आली.

लिमचं मानसिक संतुलन ढळलेलं होतं का, यावर न्यायालयात मानसोपचारतज्ज्ञांचा बराच खल झाला. मला मात्र त्या अंड्याचा विचार सोडवत नाही. ‘फोडण्याआधी जरा माझ्या हातात द्या’ एवढं म्हणायला तिथे कुणी असतं तर?

सिंगापूरमध्ये अंगात येणं ही काही लपूनछपून चालणारी गोष्ट नाही. तिथल्या चिनी समाजात तांग-की म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देवाच्या ‘झाडां’ची परंपरा जुनी आहे. अॅलन इलियट यांनी 1955मध्ये त्यावर अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिलं. देवळात, इतर भक्तांच्या देखत अंगात येतं, आणि तांग-कीचे बोल उलगडून सांगायला शेजारी दुसरा माणूस असतो. त्यातल्या श्रद्धेविषयी माझं मत काहीही असो, तिथे पाहणारे डोळे असतात.

म्हणून ‘आपल्याला काही वेगळं कळतं’ असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी ते जाहीर करावं का, या प्रश्नाचा मी गांभीर्यानं विचार करतो. आपल्या परंपरेचं उत्तर ‘नको’ असं आहे. पतंजलींनी विभूतिपादात सिद्धींचं सविस्तर वर्णन केलं आणि तिथेच त्या समाधीच्या आड येतात असंही बजावलं. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटीला निघाले ही कथा महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात माहीत आहे. त्यांना चमत्काराहून मोठं काही मिळालं ते पासष्ट ओव्यांतून. सिद्धी मिरवू नये, हा संस्कार मला मोलाचा वाटतो. ज्यानं तो पुरता पाळला, कुणाला कधी काही सांगितलं नाही आणि कुणाकडून काही घेतलं नाही, त्याच्यापासून कुणालाच धोका नाही.

पण प्रत्यक्षात घडतं ते निराळंच. ‘महाराज सगळ्यांना सांगत नाहीत हं, पण तुमचं दुःख पाहून त्यांना राहवलं नाही.’ हे वाक्य मी वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे. यात सिद्धी लपवल्याचं पुण्य पदरी पडतं आणि सांगितल्याचा फायदाही. जगापासून लपलेली आणि नेमक्या घाबरलेल्या माणसाच्या कानात सांगितलेली ही अर्धी कबुलीच सगळ्यात घातक. ती कुणी तपासू शकत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आपण निवडले गेलो.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर चारच दिवसांनी, 24 ऑगस्ट 2013 रोजी, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. सर्पदंशावर दवाखान्यात जाऊ न देणं, अंगात शक्ती असल्याचं भासवून स्त्रियांचा भोग घेणं, हे त्यानं गुन्हे ठरवले. नंदीबैलवाले जोशी मात्र त्यानं वगळले. ही सवलत अनेक विवेकवाद्यांना खटकते. मला ती समजू शकते: नंदीबैल अंगणात उभा राहतो, आणि तो मान हलवतो तेव्हा सगळी आळी बघत असते.

आणखी पुढे गेले ते पुण्याच्या चाचणीतले ज्योतिषी. डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 2008मध्ये कुंडल्यांची परीक्षा योजली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या कुंडल्या एकत्र करून प्रत्येक ज्योतिषाकडे चाळीस पाठवायच्या, कोणती कुणाची ते त्यानं सांगायचं. एक्कावन्न जणांनी कुंडल्या नेल्या, सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीइतकीही नाही. निकालाची चर्चा खूप झाली. त्या सत्तावीस जणांचं कौतुक मात्र फारसं कुणी केलं नाही, आणि ते व्हायला हवं होतं. आपल्या पोटापाण्याची विद्या त्यांनी स्वखुशीनं तराजूत घातली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं एकवीस लाखांचं आव्हान वर्षानुवर्षं उभं आहे. अमेरिकेत जेम्स रँडी यांनी 1964पासून दिलेलं आव्हान, बक्षीस दहा लाख डॉलरवर गेलं तरी, कुणीच जिंकलं नाही. अशा वेळी हरण्याच्या तयारीनं पुढे येणारा माणूस माझ्या लेखी प्रामाणिक आहे.

ज्याला कुणाचे पैसे नकोत आणि प्रसिद्धीही नको, पण शेजारणीकडे पाहून ‘हिचं काही बरं दिसत नाही’ असं आतून वाटत राहतं, त्याचं काय? त्यानं ते वाटणं तारीख घालून लिहून ठेवावं आणि वर्षानं काढून वाचावं, चुकलेलंही वाचावं. शेजारणीची तब्येत खालावलेली दिसत असेल तर ‘डॉक्टरांना दाखवून घे’ म्हणावं. तेवढ्यासाठी सिद्धीचा हवाला लागत नाही. मरणाची तारीख, पोटातल्या बाळावरचं संकट, नवऱ्याचा घात, यातलं काहीही सांगू नये. ऐकणारी त्यावर काही करू शकत नाही. ती फक्त भिते, आणि उपायासाठी पुन्हा सांगणाऱ्याकडेच येते.

आणि अशी भ्यालेली बाई आपणहून दारात आलीच, तर सोबत आलेल्या बहिणीला बाहेर थांबवू नये. दोघींना बसवावं, दार उघडं ठेवावं, आणि बहिणीनं विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यावं.