खेळ आणि पाळत

वसईच्या होळी बाजारांत नेहमींच्या गिऱ्हाइकाची आवडनिवड विक्रेत्यास ठाऊक असते. पण गिऱ्हाईकही त्याचा तराजू आणि त्याचा स्वभाव ओळखून असतें. ओळख दुतर्फा असल्यामुळें ती कोणास जाचत नाहीं. त्याच बाजारालगतच्या घरांत एखादा मुलगा मोबाईलवर खेळत बसतो, तेव्हां मात्र ती एकतर्फी होते. तो केव्हां खेळतो, कोठें हरतो, कोणत्या क्षणीं पैसे खर्चण्यास तयार होतो, हें खेळ चालविणारा टिपून ठेवूं शकतो. मुलास त्या टिपणाचा पत्ताही नसतो.

ज्याच्याजवळ लपविण्याजोगें कांहीं नाहीं त्यास भय कसलें, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, खेळतांना मनुष्य बेसावध असतो. त्याची हांव आणि उतावीळपणा तेथें उघडीं पडतात. ज्यास तीं कळलीं, त्यास तीं विक्रीसाठीं वापरतां येतात.

सरकारनें २ सप्टेंबर २०२० रोजीं पब्जी मोबाईलसह ११८ ॲपांवर बंदी घातली, तेव्हां लोकांची माहिती परदेशीं जाते, हें एक कारण सांगितलें होतें. माहिती कोणत्या देशांत सांठावी हा राज्याचा प्रश्न झाला. ती मुळांत घ्यावीच कां, हा घरचा प्रश्न शिल्लक राहिला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यांत अठरा वर्षांखालील मुलांसाठीं पालकांच्या संमतीची तरतूद आहे. पण मूल हट्ट धरून बसलें म्हणून न वाचतां दिलेला होकार, यास संमति म्हणावें काय?

दुसरा मार्ग मुक्त सॉफ्टवेअरचा. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ मध्यें ग्नू प्रकल्प जाहीर केला. प्रोग्राम कोणासही वापरतां, तपासतां, बदलतां आणि वाटतां यावा, हें या चळवळीचें तत्त्व. सुपरटक्सकार्ट, बॅटल फॉर वेसनॉथ हे खेळ या पद्धतीचे आहेत. ती लिपि वाचणारे थोडेच, हें खरें. परंतु ज्या दुकानाचा तराजू कोणासही पाहतां येतो, तेथें प्रत्येकानें तो तपासावा लागत नाहीं.

तथापि मुक्त खेळ म्हणजे आपोआप खासगी खेळ नव्हे. दुसऱ्याच्या यंत्राशीं जोडून खेळल्यास त्या यंत्राच्या मालकास कांहीं कळणारच. शिवाय मुलाचे सोबती जो खेळ खेळतात त्यापासून त्यास तोडणें, म्हणजे कित्येकदां सोबत्यांपासूनच तोडणें होय. हें मोल लहान नाहीं. म्हणून आम्ही सरसकट मनाई सुचवीत नाहीं. होकार देण्यापूर्वीं खेळ काय मागतो हें मुलाबरोबर बसून वाचावें, आणि एकट्यानें खेळावयाचा खेळ तरी उघड्या तराजूचा निवडावा. मुलाचें हित पाहण्याचा अधिकार पालकांस आहे. त्याच्या वतीनें त्याचा स्वभाव विकण्याचा नाहीं.