स्वभाव नसलेली बकरी

शेळीला आमच्या खान्देशात सरसकट बकरीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. बकरीला स्वतःचा स्वभाव असतो हे एकदा पटलं, की तिच्याशी वागण्याचे आपले नियम बदलायला हवेत का? आणि बदलायचे, तर जिचा स्वभाव आपल्याला दिसतच नाही, त्या बकरीचं काय?

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घरी पाच दुभत्या बकऱ्या आहेत. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, पण वर्षातले दोन-तीन महिने गावाहून काम चालतं आणि माझ्या खिडकीतून गोठा दिसतो. राणी सगळ्यांत वयस्कर. फाटक उघडलं तरी ती बाहेर पडेपर्यंत बाकीच्या थांबतात. मानीला काकूशिवाय कुणाचा हात चालत नाही. दुसरं कुणी धारेला बसलं की पान्हा चोरते. भागूबाई ढग गडगडला की थेट आजीच्या खाटेखाली. लाडीला माणसांचं वेड. समोरचा पाला टाकून ती आधी येणाऱ्याचा खिसा हुंगते. पाचवी भुरी. ती येते, खाते, धार देते, बसते. चौघींची नावं स्वभावावरून पडली, भुरीचं रंगावरून.

हे सगळं आपल्याच मनाचे खेळ आहेत, असं कुणी म्हणेल. पण २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी बकऱ्यांसमोर खाऊचा डबा ठेवला आणि मग तो उघडताच येणार नाही असा केला. बकऱ्या समोरच्या माणसाकडे मदत मागितल्यासारखं बघू लागल्या. माणूस पाठमोरा असला, तर कमी बघायच्या. तिथल्याच २०१२ च्या एका अभ्यासात, पिल्लांचं दूध तुटून कित्येक महिने झाले तरी आया त्यांचा आवाज ओळखत होत्या. म्हणजे आत कुणीतरी आहे, एवढं नक्की.

या 'कुणीतरी'चं काय करायचं, हा जुना प्रश्न आहे. देकार्तने प्राण्यांना यंत्रात काढलं. कांटचं म्हणणं, प्राण्यांशी क्रूर वागू नये, कारण ती सवय पुढे माणसांवर उतरते. बेंथमने १७८९ साली रोखच बदलला: त्याला विचार करता येतो का हे सोडा, त्याला दुखतं का ते बघा. आमच्या अमळनेरलाही तत्त्वज्ञान परकं नाही. प्रताप शेठजींनी १९१६ साली इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. साने गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर होण्याआधी तिथेच अभ्यासाला आले होते. तिथे भर होता अद्वैत वेदान्तावर, आणि अद्वैताच्या हिशेबाने रंग, नाव, स्वभाव या सगळ्या उपाधी. आतलं तत्त्व एकच.

या सगळ्यांचं एकमेकांशी पटणार नाही. पण प्राणी मजेशीर आहे का, त्याचे किस्से सांगता येतात का, हे यांच्यापैकी कुणीच विचारत नाही. ते आपण विचारतो, घरात बसून.

गेल्या उन्हाळ्यात चारा संपत आला, बांधावरचा पाला करपला, आणि एक बकरी कमी करायचं ठरलं. हिशेबाने राणी जायला हवी होती, तिचं दूध आटत आलं होतं. पण राणीला कसं विकायचं? मानीत काकूचा जीव. भागूबाई नव्या जागेत भीतीनेच मरेल. लाडीचं तर नावही कुणी काढलं नाही. दहा मिनिटांत सगळे भुरीवर येऊन थांबले, आणि त्या दिवसांत सगळ्यांत जास्त दूध भुरी देत होती.

आयटीत याला व्हिजिबिलिटी म्हणतात. मुकाट्याने काम करणाऱ्याबद्दल मीटिंगमध्ये कुणाला काही आठवत नाही, आणि माणसं कमी करायची वेळ आली की हेच न आठवणं त्याच्या विरुद्ध जातं.

आजी तेवढ्यात म्हणाली, "ती ओरडत नाही, म्हणून तिचं काही दुखत नाही का रे?" मग तिने सांगितलं की भुरी तिची लेक शेजारी येईपर्यंत गव्हाणीत तोंड घालत नाही. घरात एकदम शांतता. म्हणजे भुरीलाही स्वभाव आहे!

सुटका झाल्यासारखं वाटलं, पण खरी गोम इथेच आहे. आजीचं लक्ष नसतं तर? भुरीचं जगणं कुणाच्या तरी निरीक्षणशक्तीवर टांगलेलं असावं का? स्वभाव हे दयेचं तिकीट केलं, की ज्याला आपण नीट पाहिलं नाही तो आपोआप दाराबाहेर राहतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात बकऱ्या निघाल्या सुमारे १४ कोटी ८८ लाख. त्यातल्या किती जणींना आजी भेटते?

शेवटी काय झालं? दोन बोकड महिनाभर आधी विकले आणि पाचही जणी राहिल्या. सगळे खूश झाले. दूध हवं तर बकरी व्यायला हवी, पाच महिने गाभण राहायला हवी, आणि होणाऱ्या करडांत साधारण निम्मे नर. आमच्या घरात नराचं नाव ठेवत नाहीत. ईदच्या आधी किंवा पैशांची नड आली की ते जातात, आणि त्यातूनच सरकी पेंड येते, धाकटीची फी भरली जाते. नाव नाही, म्हणून किस्सा नाही, म्हणून निरोप सोपा. भुरी वाचली, आणि किंमत तिच्याहूनही अनोळखी असलेल्यांनी मोजली.

बोकड विकू नका, असं मी कोरडवाहू घरात बसून म्हणणार नाही. पण स्वभाव ओळखण्याचा खरा उपयोग मला आता वेगळा वाटतो. भागूबाईला आडोसा हवा, मानीला ओळखीचा हात, भुरीला तिची लेक. स्वभावावरून कुणाला काय हवं ते कळतं. कुणाला किती हक्क, हे त्यावरून ठरवायचं नसतं. भूक, भीती आणि दुखणं सगळ्यांना आहे, किस्से असोत वा नसोत.

करडू जन्मलं की आता मी नर-मादी न बघता त्याचं नाव ठेवतो. काका म्हणतात, "कशाला जिवाला लावून घेतोस?" नाव ठेवल्याने बोकड वाचत नाही, हे मलाही कळतं. पण व्यापारी दारात आला की आपण कुणाला पाठवतोय, हे निदान माहीत असतं. ते जड जातं, आणि तेवढं जड जायलाच हवं.